स्कूटरचा दिवा आणि रात्रीचा रस्ता

(आमच्या गटाच्या वार्षिक मेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



काल दिवसभर आपण पोटगी, निवासाचा हक्क, पोलीस ठाण्यातली अडवणूक यावर बोललो. आजच्या सत्रासाठी मला विषय विचारला तेव्हा मी ‘स्कूटरचा हेडलाइट’ असं सांगितलं. मेळावा भरवणाऱ्या मैत्रिणीने फोनवर दोनदा विचारलं, ‘‘अगं, नक्की ना? की प्रकाश म्हणजे ज्ञान वगैरे काही बोलणार आहेस?’’ नाही बाई. मी खरोखरच दिव्याबद्दल बोलणार आहे. वॅट, व्होल्ट, वायर आणि होल्डर. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही चहाला उठू नका. रस्त्याने पायी चालणारीचाही या दिव्याशी संबंध आहे. तो कसा, हे मला एका बाईने रस्त्यावरच शिकवलं. तिची गोष्ट पुढे येईलच.

आधी माझं सांगते. मी कराडला राहते आणि बरीच वर्षं कौटुंबिक हिंसाचाराच्या समुपदेशन केंद्रात काम करते. बाईला घराबाहेर काढतात ते काही सकाळी दहा ते संध्याकाळी पाच अशा कचेरीच्या वेळेत काढत नाहीत. नवरा रात्री पिऊन येतो, रात्री मारतो आणि रात्रीच आतून कडी लावून घेतो. २००५ सालच्या कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. पण रात्री साडेदहाला पोराला घेऊन ओट्यावर बसलेल्या बाईपर्यंत तो हक्क कुणीतरी पोचवावा लागतो. त्या वेळेला एसटी नसते. रिक्षावाला आला तर दुप्पट पैसे मागतो आणि अर्ध्या वाटेत ‘‘कुणाच्या घरचं भांडण?’’ म्हणून चौकशी करतो. म्हणून माझी स्कूटर. २०११ साली हप्त्याने घेतलेली, बिनगिअरची.

आपल्याकडच्या बायकांचं आणि या गाड्यांचं नातं जुनं आहे. १९७२ साली पुण्याची लूना आली, १९८४ साली कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू, गिअर नाही, किक मारायला पदर खोचायची गरज नाही. त्याआधी स्कूटरवर बाई दिसायची ती बहुतेक मागे, एका बाजूला पाय सोडून बसलेली. शिक्षिका, नर्स, बँकेतल्या, पोस्टातल्या बायका या गाड्यांमुळे पुढच्या सीटवर आल्या. ही लहान गोष्ट नाही. पण एक राहून गेलं. गाडी आपल्या नावावर झाली, गाडीची माहिती मात्र आपल्या नावावर झाली नाही. पेट्रोल भरायचं, हवा बघायची आणि चालवायची. जरा कुरकुरली की किल्ली भावाच्या, नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या हातात. मीही त्यातलीच. बाईच्या अर्जाचा मसुदा मी झोपेतही करून देईन, पण माझ्या गाडीच्या दिव्याचा बल्ब कुठल्या बाजूने निघतो हे मला अकरा वर्षं माहीत नव्हतं.

२०२२च्या डिसेंबरात एका रात्री मी पडले. मसूरच्या बाजूला एका वाडीवरून परत येत होते. रस्त्याच्या कडेला पाइपलाइनसाठी चर खणलेला, त्यावर ना दगड, ना फांदी, ना लाल फडकं. माझा दिवा म्हणजे चुलीतला विझत आलेला निखारा. समोर आठ-दहा हातांवर पिवळसर डाग पडायचा, तेवढाच. चर दिसला तेव्हा पुढचं चाक त्यात गेलेलं होतं. मनगट मोडलं, ओठ फाटला.

नंतर मी हिशेब केला तो सांगते. ताशी चाळीसच्या वेगाने गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते. अडथळा डोळ्याला दिसणार, मग हाताला ब्रेक दाबायचं कळणार, त्यात एक-दीड सेकंद सहज जातो. त्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगळं. म्हणजे पंचवीस मीटर तरी पुढचं स्वच्छ दिसलं पाहिजे. माझ्या दिव्यात त्याच्या निम्मंसुद्धा दिसत नव्हतं. त्या रात्री पडले त्यात नवल नाही. इतकी वर्षं पडले नाही याचंच नवल.

आता गंमत ऐका. दवाखान्यात भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला एकच गोष्ट सांगितली. दीर म्हणाले, ‘‘वहिनी, रात्रीचं जायचं कशाला?’’ शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘बाईमाणसानं दिवेलागणीला घरात असावं.’’ केंद्राचे विश्वस्तसुद्धा म्हणाले, ‘‘मॅडम, यापुढे रात्रीचे कॉल सकाळी बघत चला.’’ चर उघडा ठेवणाऱ्या ठेकेदाराचं कुणी नाव काढलं नाही. दिवा दुरुस्त कर, असंही कुणी म्हणालं नाही. रात्री रस्त्यावर पुरुष पडला तर रस्ता वाईट असतो. बाई पडली तर तिची वेळ वाईट असते. हे आपल्याला नवीन नाही. कपड्यांबद्दल, एकटीने राहण्याबद्दल आपण हेच ऐकत आलोय. पण मोडक्या हाताने ऐकलं तेव्हा ते जास्त लागलं. मी ठरवलं, रात्रीचं जाणं बंद करायचं नाही, दिवा बदलायचा.

प्लॅस्टर निघाल्यावर भाच्याला घेऊन गॅरेजमध्ये गेले. का घेऊन गेले? सवय, दुसरं काय. मिस्त्री सगळं भाच्याला सांगत होता. गाडी माझी, पैसे माझे, मनगट माझं आणि तो म्हणतो, ‘‘काकूंना सांग, एलईडी टाकून देतो. पांढराशुभ्र उजेड पडंल. साडेतीनशे.’’ दहा मिनिटांत काम झालं. संध्याकाळी दिवा लावला तर काय, समोरची बोळ ट्यूबलाइट लावल्यासारखी उजळली. भिंतीवरची पोस्टरं वाचता येत होती. झाडाच्या वरच्या फांद्या दिसत होत्या. मी इतकी खूश झाले की केंद्रातल्या सगळ्यांना बाहेर बोलावून दाखवलं. तेव्हा एकीच्याही डोक्यात आलं नाही की मला गाडी रस्त्यावर चालवायची आहे, झाडाच्या फांद्या बघून काय करायचंय?

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी एका बाईला तिच्या आईकडे सोडायला निघाले होते. रात्रीचे नऊ वाजून गेलेले. उसाचा हंगाम जोरात होता. समोरून कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांची ओळ येत होती. तुम्हापैकी ज्या ऊसपट्ट्यातल्या आहेत त्यांना हे चित्र माहीत आहे. गाडीला दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, रस्ता निम्मा भरलेला. पहिल्या गाडीच्या पुढे एक बाई चालत होती. हातात मोबाइलची बॅटरी.

माझा दिवा त्यांच्यावर पडला आणि बैल बिचकले. मानेला झटका देऊन बाजूला सरले, एक चाक साइडपट्टीवरून खाली घसरलं, वरच्या चार-सहा मोळ्या खाली आल्या. एक त्या बाईच्या पायावर आली. मी घाबरून गाडी उभी केली, पण दिवा तसाच चालू. ती एक हात डोळ्यांवर धरून, लंगडत माझ्यापर्यंत आली. मला वाटलं शिवी देणार. ती म्हणाली, ‘‘ओ बाई, लाइट खाली घ्या ना. काहीच दिसंना झालंय. बैलं बिचकायलेत.’’

मी म्हणाले, ‘‘अहो, डिपरच आहे.’’

ती म्हणाली, ‘‘हे डिपर हाय, तर मग अप्पर कसा असंल?’’

मी किल्ली फिरवून गाडी बंद केली. अंधारात आम्ही तिघी, ती, मी आणि मी सोडायला निघाले होते ती बाई, मोळ्या उचलायला लागलो. तिचा नवरा बैल धरून उभा होता. बोलता बोलता कळलं, बीड जिल्ह्यातल्या आहेत. पहाटे तीनला उठून भाकरी केल्या, दिवसभर तोड केली, आता खेप घालायची आणि पुन्हा तीनला उठायचं. आपल्याला ठाऊक आहे, तिथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं दोन, हिशेब एकाचा आणि उचल नवऱ्याच्या हातात. अशी ती बाई. तिला मी बघितलं ते कधी? तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आणल्यावर.

मी रात्रीच्या रस्त्यावरच्या माझ्या हक्काबद्दल इतकं तावातावाने बोलत होते. पण त्या रस्त्यावर माझ्याआधीपासून बायका होत्या. त्यांना कुणी ‘दिवेलागणीला घरात राहा’ म्हणत नाही, कारण त्यांना घर म्हणजे पाचटाची खोपी. माझ्या साडेतीनशे रुपयांच्या दिव्याने मला दिसत होतं आणि तिला दिसेनासं झालं होतं. तिचा पाय मोडला नाही, नुसता सुजला, हे नशीब. माझं काही कर्तृत्व नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो बल्ब काढायला गॅरेजमध्ये गेले नाही. या वेळी मी स्वतः शिकायचं ठरवलं. आमच्या गटातल्या एका मुलीने आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स केलाय. ती रविवारी तिचा मल्टिमीटर घेऊन आली आणि आम्ही पाच-सहा जणींनी अंगणात सतरंजी टाकून माझ्या गाडीचं तोंड उघडलं. तिथे जे कळलं ते तुम्हाला क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, दिव्यामागची चकचकीत वाटी. तिला रिफ्लेक्टर म्हणतात. बल्ब नुसता उजेड देतो, त्याला दिशा देण्याचं काम ती वाटी आणि पुढची काच करते. आपल्या नेहमीच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली नखाएवढी पत्र्याची टोपी असते. ती खालच्या बाजूला जाणारा प्रकाश अडवते. त्यामुळे प्रकाश फक्त वाटीच्या वरच्या भागावर पडतो आणि तिथून परतून खाली रस्त्यावर येतो. म्हणून डिपरचा उजेड समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. एवढीशी टोपी, पण सगळी माणुसकी तिच्यात.

माझ्या स्वस्तातल्या एलईडीला ती टोपीच नव्हती. मक्याच्या कणसासारखे सगळीकडून पिवळे ठिपके. त्यातून प्रकाश वाटीच्या वर, खाली, चहूकडे जात होता आणि निम्मा आकाशात. डिपर केलं की नुसते काही ठिपके विझायचे, दिशा बदलायची नाही. झाडाच्या फांद्या दिसत होत्या त्या यामुळे. खोक्यावर काय काय वॅट छापले होते, पण उजेड किती आहे याच्याइतकंच तो कुठे पडतो हे महत्त्वाचं, हे खोक्यावर कुणी छापत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या प्रकाशावर पिवळ्या पदार्थाचा लेप देऊन तो पांढरा करतात. चांगला निळा एलईडी बनवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. शोध मोठाच आहे. पण बाजारात जो निळसर पांढरा बल्ब ‘जास्त पॉवरफुल’ म्हणून विकतात, तो समोरच्याच्या डोळ्याला जास्त खुपतो आणि पावसात ओल्या डांबरावर आपल्यालाही धड दिसू देत नाही. खोक्यावर ६०००, ६५०० असा आकडा असतो, के अक्षर लावून. तो ताकदीचा आकडा नाही, रंगाचा आहे. आकडा जेवढा जास्त तेवढा निळसरपणा जास्त. ४३००च्या आसपासचा घ्या. दिसायला कमी झगमगीत, रस्त्याला बरा.

तिसरी गोष्ट ऐकल्यावर मला स्वतःचा राग आला. माझा जुना दिवा मिणमिणता का होता? बल्ब जुना झाला म्हणून? तेवढंच नाही. आमच्या मुलीने मल्टिमीटर लावून दाखवलं. होल्डरमधले खटके काळे पडलेले, अर्थिंगची वायर जिथे चेसिसला आवळलेली तिथे गंज. त्यामुळे बल्बपर्यंत पुरते व्होल्ट पोचतच नव्हते. साध्या बल्बचं गणित असं असतं की व्होल्ट दहा टक्क्यांनी घसरले तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घसरतो. पॉलिश पेपरने गंज काढला, खटके साफ केले, स्क्रू आवळला, काच आतून-बाहेरून पुसली आणि नवा ३५ वॅटचा साधा हॅलोजन लावला. त्याच्या काचेला बोट लावायचं नाही, फडक्याने धरायचा. बोटाचं तेल लागलं की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा आम्ही सगळ्या गप्प झालो. हाच दिवा अकरा वर्षांपूर्वी शोरूममधून येताना असा असणार. त्याला गंज चढत गेला आणि मला वाटत राहिलं की स्कूटरचा दिवा असाच असतो. आपण किती गोष्टींबद्दल असंच समजून चालतो, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता तुम्ही म्हणाल, मग एलईडी लावूच नये का? तसं नाही. अलीकडच्या बऱ्याच स्कूटरना कंपनीतूनच एलईडी हेडलाइट येतो. तिथे वाटी, काच, बल्ब सगळं एकमेकांसाठी घडवलेलं असतं, त्याला हात लावू नका. प्रश्न आपल्या जुन्या गाड्यांचा आहे. एलईडीला वीज कमी लागते, साधा ३५ वॅट खातो तिथे हा पंधरा-अठरा वॅटमध्ये भागवतो. तो टिकतोही जास्त. पण घेण्याआधी चार गोष्टी बघा.

एक, गाडीच्या दिव्याला वीज कुठून येते. जुन्या बऱ्याच स्कूटरमध्ये हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, इंजिन फिरतं तेव्हा मॅग्नेटोच्या कॉइलमधून थेट वीज येते. तिला एसी म्हणतात. ओळखायची खूण सोपी. किल्ली फिरवा, इंजिन सुरू न करता दिव्याचं बटण दाबा. लागला तर बॅटरीवर, म्हणजे डीसी. लागला नाही, आणि गाडी सुरू केल्यावर रेस वाढवली की उजेड वाढतो, सोडली की कमी होतो, तर एसी. १ एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांना दिव्याचं बटणच नसतं, इंजिनबरोबर दिवा लागतो. त्यांना ही परीक्षा चालत नाही, मल्टिमीटर लावावा लागतो. एसीवर नुसता डीसीचा एलईडी लावला तर तो लुकलुकतो आणि रेस वाढली की जळूही शकतो. म्हणून एसी-डीसी दोन्हीवर चालणारा मागून घ्या. कुणी म्हणेल, वायर तोडून दिवा बॅटरीवर घेतो. घाई करू नका. स्कूटरची बॅटरी लहान असते, तिला भरणारी वीजही मोजकी असते. रात्री बारा वाजता आडरानात सेल्फ बंद पडला तर चांगला दिवा घेऊन काय करणार?

दोन, बल्बचा आकार. एलईडीचे ठिपके जुन्या तारेच्याच जागी, तेवढ्याच लांबीचे, दोन बाजूंना असावेत आणि डिपरच्या ठिपक्यांखाली ती टोपी असावी. दुकानात जुना बल्ब बरोबर न्या आणि दोन्ही शेजारी धरून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.

तीन, उष्णता. एलईडी समोरून गार वाटतो, पण मागून तापतो. त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पाकळ्या असतात, काहींना छोटा पंखा. मागचं रबरी टोपण त्यावर नीट बसलं पाहिजे. ते बसत नाही म्हणून मिस्त्री कापून टाकतो आणि पहिल्या पावसात वाटीत पाणी जातं.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, भिंतीची परीक्षा. दोन्ही चाकांत हवा बरोबर भरा. सपाट जागी, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा, स्टँडवर नाही, एकीने वर बसून. भिंतीवर दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर खडूने रेघ मारा. डिपर लावा. उजेडाचा वरचा काठ त्या रेघेच्या पाच-सात सेंटिमीटर खाली पडायला हवा आणि काठ बऱ्यापैकी स्वच्छ दिसायला हवा. वर असला तर हेडलाइटचा स्क्रू फिरवून खाली घ्या. साधा बल्ब लावून काठाची खूण करून ठेवा, मग एलईडी लावून त्याच खुणेशी ताडा. काठच दिसत नसेल, सगळी भिंत पांढरी होत असेल, तर तो बल्ब परत करा, कितीही महाग असो. मागे कुणी बसलं की गाडीची शेपटी दबते आणि दिवा वर बघायला लागतो, म्हणून एकदा मागे मैत्रिणीला बसवूनही बघा. आणि शेवटी एकीने समोर जाऊन उभं राहा. मोटार वाहन नियमांतही हेच आहे. दिव्यापासून आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला झळ लागता कामा नये, असा नियम आहे. दीड मीटर म्हणजे साधारण आपल्याच उंचीच्या बाईचे डोळे. नियम करणाऱ्यांच्या मनात ती नसेल, आपल्या मनात असू द्या.

कायद्याची बाजूही सांगते, नाहीतर वकील मैत्रिणी रागावतील. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर जोर दिला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून माझा सल्ला असा की आधी जुना दिवा मूळ अवस्थेत आणा. बहुतेकींचं काम तिथेच भागेल. त्यानंतरही बल्ब बदलायचाच असेल तर डोळे उघडे ठेवून बदला. वायर कापू नका, वाटीला भोक पाडू नका आणि मूळ बल्ब डिकीत ठेवा. मी वर्षभर साधाच हॅलोजन वापरला. मग वर सांगितलेल्या चारही परीक्षांत बसणारा एक बल्ब मिळाला, तो लावला. त्याआधीचे दोन भिंतीवर नापास झाले, ते परत केले. दुसऱ्या वेळी दुकानदार म्हणाला, ‘‘मॅडम, बाकीची गिऱ्हाइकं असलं काही बघत नाहीत.’’ मी म्हटलं, ‘‘त्यांना सांगा बघायला.’’

आता शेवटचा मुद्दा. दिवा दुरुस्त झाला म्हणून रस्ता दुरुस्त झाला असं नाही. चर अजूनही उघडे असतात. प्रत्येक बाईने आपापला दिवा घेऊन फिरावं आणि गावाने अंधारात राहावं, हे मला मान्य नाही. गावातली दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचं काम आहे, १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यातल्या यादीत ते लिहिलेलं आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. तिथे आपण दारूबंदीचा ठराव मांडतो तसा खांबावरच्या बंद दिव्यांचा मांडा, खांबांचे नंबर घालून. आमच्या गटाने गेल्या हंगामात आणखी एक काम केलं. लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आणल्या आणि रस्त्यालगतच्या तळावर जाऊन बैलगाड्यांच्या मागे-पुढे लावल्या. काही कारखाने हे करतात, पण सगळ्या गाड्यांपर्यंत पोचत नाही. पट्ट्या लावताना मी ती बीडची बाई शोधत होते. सापडली नाही. टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली असेल. नाव विचारायचं त्या रात्री मला सुचलं नव्हतं.

रात्री अजूनही फोन येतात आणि मी जाते. दीर अजूनही तेच म्हणतात. समोरून माणूस, सायकल, बैलगाडी दिसली की मी वेग कमी करते आणि डिपर आहे ना हे अंगठ्याने चाचपून बघते. एवढंच वेगळं झालंय.

आता जास्त बोलत नाही. मागच्या टेबलावर मल्टिमीटर, पॉलिश पेपर, स्क्रू-ड्रायव्हर, खडू आणि तीन प्रकारचे बल्ब ठेवले आहेत. आमची वायरमन मुलगी आलेली आहे. ज्यांनी गाड्या आणल्या आहेत त्यांनी जेवणानंतर त्या शाळेच्या मागच्या अंगणात घ्याव्यात. काळे खटके आणि गंज दिवसाउजेडीच काढू. अंधार पडल्यावर भिंतीची परीक्षा घेऊ. किल्ली कुणाला देऊ नका. आपल्याच हातात ठेवा आणि बल्ब स्वतः काढा.